थेरपीत नेमकं काय करतात? मोठ्यांची आणि किशोरवयीनांची : ठाणे-नवी मुंबईकरांसाठी माहितीचा धागा

नौपाडेकर :

"ठाण्यात चांगला सायकॉलॉजिस्ट सुचवा" अशी विचारणा इथे सतत होते. उत्तरात नावं-पत्ते मिळतात, पण तिथे गेल्यावर काय होणार हे कुणी सांगत नाही. मग माणूस दोन बैठका करतो, "नुसत्या गप्पाच तर मारतात" म्हणून सोडून देतो आणि पुढे वर्षभर कुठेच जात नाही. या क्षेत्रात काम करणारी बरीच मंडळी इथे वाचतात. त्यांनी खुलासेवार लिहावं ही विनंती. स्वतःचे अनुभव, डॉक्टरांची नावं, फोन नंबर इथे नकोत. त्यासाठी वेगळे धागे आहेत.

सुरुवातीला चार प्रश्न टाकतो. पात्रता कशी तपासायची? पहिल्या भेटीत काय होतं? चाळिशीच्या माणसाची आणि पंधरा वर्षांच्या मुलाची थेरपी कशात वेगळी असते? उपयोग होतोय की नाही हे कशावरून ओळखायचं?

पारसिक :

पात्रतेपासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे आहे.

आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला कायद्याची चौकट आहे. आजवरचा रूढ मार्ग असा : मानसशास्त्रात एम.ए. किंवा एम.एस्सी., त्यानंतर क्लिनिकल सायकॉलॉजीत दोन वर्षांचा पूर्णवेळ एम.फिल., त्यात रुग्णांबरोबर देखरेखीखाली केलेलं काम, आणि शेवटी भारतीय पुनर्वास परिषदेकडे म्हणजे आरसीआयकडे नोंदणी. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातली व्याख्याही याच धर्तीवर आहे. नोंदणी क्रमांक बिनधास्त मागा. परिषदेच्या संकेतस्थळावर तो पडताळता येतो. फक्त क्रमांक सापडला म्हणून थांबू नका, पुढे व्यवसायाचा प्रकार वाचा. विशेष शिक्षक आणि वाचा-उपचारतज्ज्ञ यांचीही नोंदणी त्याच परिषदेकडे असते.

एम.ए. करून समुपदेशन करणारे अनेक जण फार चांगलं काम करतात. नात्यातला तणाव, करिअरचा गोंधळ, जवळच्या माणसाचा मृत्यू, नोकरीतला ताण यासाठी त्यांच्याकडे जायला काहीच हरकत नाही. पण ओसीडी (नको ते विचार आणि त्यापायी पुन्हापुन्हा करावे लागणारे विधी), तीव्र नैराश्य, वारंवार स्वतःला इजा करणं, जुना आघात, बायपोलर (कधी उदासी, कधी अति उत्साह) असं काही असेल तर क्लिनिकल प्रशिक्षण घेतलेलाच माणूस हवा. आणि औषध लिहून देण्याचं काम सायकिअ‍ॅट्रिस्टचं. सायकॉलॉजिस्टने गोळी सुचवली तर तिथून उठा.

उपवन :

पारसिक यांच्याशी सहमत. सायकिअ‍ॅट्रीच्या बाजूने थोडी भर घालतो.

थेरपी सुरू करण्याआधी शरीराची बाजू पाहिलेली असावी. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, साखर एवढ्या तपासण्या तर हव्यातच. थायरॉइड कमी पडला की थकवा, मंदपणा आणि उदासी दिसते, जास्त झाला की धडधड आणि घाबरणं. दोन्ही ठिकाणी नुसत्या बोलण्यावर महिने वाया जातात. पहिल्यांदाच छातीत धडधडून घाम फुटला असेल तर ईसीजी आधी, पॅनिकचं (अचानक येणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्याचं) निदान नंतर. घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादी न्या, सर्दीच्या गोळ्या आणि वजन कमी करायची पावडरसुद्धा.

सायकिअ‍ॅट्रिस्टकडे कधी पाठवायचं याचे निकष साधे आहेत. जेवण-झोप-आंघोळ कोलमडली, कामावर जाणं बंद झालं, मरणाचे विचार येतात, कानात आवाज येतात किंवा पक्का संशय बसलाय, किंवा तीन-चार रात्री झोप नसूनही उत्साह उतू जातोय. शेवटचं लक्षण घरच्यांना चांगलं वाटतं, "आता बरा झाला" म्हणतात, म्हणून मुद्दाम लिहिलं. तिथे नैराश्याची गोळी एकटी दिली तर प्रकरण बिघडू शकतं.

खाजगी फी परवडत नसेल त्यांच्यासाठी : ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. हे रुग्णालय १९०१ पासूनचं आहे, आणि तिथे गेलं की दाखल करून घेतात हा समज चुकीचा आहे. बहुतेक लोक केसपेपर काढून, तपासून, औषध घेऊन घरी जातात. कळव्याच्या महापालिका रुग्णालयातही मानसोपचार विभाग आहे.

पारसिक :

आता पहिली भेट. साधारण ५० मिनिटं ते तासभर. पहिल्या एक-दोन भेटी माहिती घेण्यातच जातात आणि नेमकी इथेच लोकांची निराशा होते, "काहीच सांगितलं नाही" म्हणून. या भेटीत सायकॉलॉजिस्टच्या डोक्यात पाच रकाने भरत असतात. सध्याची तक्रार काय, पूर्वपीठिका काय, आत्ताच का सुरू झालं, कशामुळे टिकून आहे, आणि या माणसाचं बळ कशात आहे. थेरपीचा रोख चौथ्या रकान्यावर असतो. समजा वडील कडक होते, हे पूर्वपीठिकेत जाईल. पण आज मीटिंगमध्ये बोलायची भीती टिकून आहे ती दर वेळी सहकाऱ्याला पुढे करण्यामुळे. वडील आता बदलता येत नाहीत, सहकाऱ्याला पुढे करणं थांबवता येतं.

सोबत एखादी प्रश्नावली असते. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ : मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३, एकूण २७. १० पासून मध्यम, १५ पासून बऱ्यापैकी तीव्र, २० पासून तीव्र. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. एकूण गुण कमी असले तरी त्या एका प्रश्नाला शून्य सोडून दुसरं उत्तर आलं तर पुढची चौकशी त्याच भेटीत व्हायला हवी. चिंतेसाठी जीएडी-७, सात प्रश्न, एकूण २१. दोन्ही मराठीत उपलब्ध आहेत. या प्रश्नावल्यांवरून निदान होत नाही, तीव्रता कळते आणि पुढे तुलना करता येते.

तिसऱ्या भेटीपर्यंत तुम्हाला तीन गोष्टी स्पष्ट शब्दांत सांगितल्या गेल्या पाहिजेत : त्रास कशामुळे टिकतोय याबद्दलचा अंदाज, उद्दिष्ट आणि मार्ग. उद्दिष्ट मोजता येईल असं हवं. "आनंदी व्हायचंय" हे उद्दिष्ट होत नाही. "आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला लोकलने जाणं" हे होतं.

शाळेची_घंटा :

पद्धती कोणत्या वापरतात तेही लिहाल का? सीबीटी, आरईबीटी, डीबीटी अशी अक्षरं पालक विचारतात आणि आम्हा शाळेतल्या समुपदेशकांना दोन वाक्यांत उत्तर द्यावं लागतं.

पारसिक :

दोन वाक्यांत बसवणं अवघड आहे, प्रयत्न करतो. अ‍ॅरन बेक यांची सीबीटी विचार, कृती आणि शरीर यांची साखळी पकडते आणि ती प्रत्यक्ष पुराव्यावर तपासून बघायला लावते. अल्बर्ट एलिस यांची आरईबीटी तिच्याही आधीची, १९५५ ची. तिचा रोख माणसाच्या हट्टाग्रहावर असतो : "मला यश मिळालंच पाहिजे, नाही मिळालं तर मी कवडीमोलाचा." मराठीत ही पद्धत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून कि. मो. फडके यांनी रुजवली, आणि ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेल्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेमुळे ती घराघरांत पोचली. म्हणूनच आपल्या भागातले लोक "माझ्या स्वयंसूचना बदलायच्या आहेत" असं आपणहून म्हणताना दिसतात. डीबीटी ही भावनांचा झटका फार जोरात येणाऱ्यांसाठी, विशेषतः स्वतःला इजा करणाऱ्यांसाठी. तिच्यात कौशल्यं शिकवतात.

प्रत्यक्षात जाणकार माणूस तक्रारीप्रमाणे पद्धत निवडतो. ओसीडीला विचारांशी वाद घालून फारसा फायदा होत नाही, तिथे भीतीला सामोरं जाऊन विधी न करण्याचा सराव लागतो. नैराश्यात सुरुवातीला विचारांना हातच लावायचा नाही, आधी कृती. आठवडाभर तासातासाची नोंद, प्रत्येक तासापुढे मनःस्थिती ० ते १०. त्या कागदावर दिसतं की दुपारी दोन ते पाच पलंगावर पडून मोबाईल बघताना आकडा २ आहे आणि संध्याकाळी भाजी आणायला गेल्यावर ४. मग त्या दुपारच्या पट्ट्यात वीस मिनिटांचं एक काम ठरवायचं, वेळ आणि जागा लिहून. "रोज व्यायाम करेन" असा गृहपाठ दिला तर हमखास बुडतो. "मंगळवारी आणि गुरुवारी साडेसहाला मासुंदा तलावाला एक फेरी" असा दिला तर बऱ्याचदा होतो.

ऐरोलीकर :

आयटी पार्कमध्ये कर्मचाऱ्यांसाठीच्या समुपदेशनाचं काम आहे, त्यामुळे पॅनिकबद्दल विचारणा फार येते. लोकलमध्ये घाबरं झालं आणि तेव्हापासून कॅबनेच येतो, हा नेहमीचा प्रकार. सामोरं जाण्याचा सराव नेमका कसा आखतात हे पायऱ्यांसकट लिहिलंत तर उपयोग होईल.

पारसिक :

समजा ठाण्यात राहणारा आणि वाशीला नोकरी करणारा माणूस आहे. ईसीजी, थायरॉइड नीट आहे. आधी शरीराच्या लक्षणांचीच भीती घालवायची. खोलीत मिनिटभर जागच्या जागी पळणं, फिरत्या खुर्चीत मिनिटभर गोल फिरणं, स्ट्रॉमधून मिनिटभर श्वास घेणं. धडधड, चक्कर, कोंडल्यासारखं वाटणं हे मुद्दाम आणायचं आणि ते आपोआप उतरताना बघायचं. दमा, हृदयविकार, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करायचं नाही.

मग शिडी. ० ते १०० भीतीची पट्टी ठरवतो. ठाणे स्टेशनला ट्रान्सहार्बरच्या (ठाणे-वाशी लोकलच्या) नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवर वीस मिनिटं नुसतं उभं राहणं, गाडीत चढायचं नाही : ३०. रविवारी दुपारी दिघा गावपर्यंत, बायको त्याच डब्यात पण दुसऱ्या टोकाला : ४०. तेच ऐरोलीपर्यंत एकट्याने : ५५. एकट्याने कोपरखैरणे : ६५. वाशीपर्यंत : ७५. सोमवारी सकाळी नऊच्या गर्दीत वाशी, खिशात पाण्याची बाटली नाही, "इमर्जन्सीची" गोळी नाही, कानात गाणी नाहीत : ९०.

निघण्यापूर्वी कागदावर भाकीत लिहायचं : "रबाळ्याच्या पुढे मी बेशुद्ध पडेन, खात्री ८० टक्के." आल्यावर खाली लिहायचं की काय झालं. उतरायचं ते ठरलेल्या स्टेशनावर. भीती शिगेला असताना घणसोलीला उतरला तर मेंदू शिकतो की उतरलो म्हणून वाचलो, आणि पुढची खेप आणखी जड जाते. एक पायरी आठवड्यात तीन-चार वेळा झाली पाहिजे. पंधरा दिवसांतून एकदा केलेला सराव फारसा टिकत नाही.

ऐरोलीकर :

गाडीत घाबरं झालं तर दीर्घ श्वासाचा व्यायाम करायला सांगायचा ना?

पारसिक :

माझं मत नको. तो व्यायामच नवी कुबडी होतो. "श्वास मोजला म्हणून वाचलो" हीच गोष्ट मेंदू लक्षात ठेवतो.

उपवन :

इथे माझं थोडं वेगळं मत आहे. सुरुवातीच्या एक-दोन आठवड्यांत माणूस दारापर्यंत जायलाच तयार नसतो. तेव्हा संथ श्वास शिकवला, आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ, तर तो निदान सराव सुरू करतो. वरच्या पायऱ्यांवर तो काढून घ्यायचा. झोपेपूर्वी, कामाच्या ताणात श्वासाचा व्यायाम उत्तमच. शिडी चढताना मात्र त्याची सवय राहू नये, इथपर्यंत पारसिक यांच्याशी सहमत.

पारसिक :

काढून घेण्याचा दिवस आधीच ठरवून लिहिला असेल तर मान्य. बहुतेक ठिकाणी तो दिवस येतच नाही, म्हणून मी कडक बोलतो.

नौपाडेकर :

मोठ्यांचं चित्र बरंच स्पष्ट झालं. कांदळवन ताई, किशोरवयीनांबद्दल तुम्ही लिहाल का?

कांदळवन :

लिहिते. थोडं लांबेल.

मुख्य फरक असा की मोठा माणूस स्वतः येतो, मुलाला आणलं जातं. खोलीत शिरताना त्याला वाटत असतं की आई-बाबांनी आणखी एक शिक्षक गाठलाय. त्यामुळे पहिल्या भेटीची मांडणी वेगळी असते. पहिली १५-२० मिनिटं सगळे एकत्र, पालक तक्रार सांगतात, पण ती मुलासमोर आणि मुलाला मध्ये बोलायची मुभा ठेवून. मग २५-३० मिनिटं मूल एकटं. शेवटची दहा मिनिटं पुन्हा सगळे. पालकांनी आधी एकट्याने अर्धा तास बोलून मग मुलाला आत बोलावलं, तर मूल सायकॉलॉजिस्टला आई-बाबांच्या पक्षातला धरतं आणि पुढचे तीन आठवडे "माहीत नाही" एवढंच बोलतं.

गोपनीयतेचं बोलणं एकत्र असतानाच व्हायला हवं, मुलाच्या कानावर पडेल असं. साधारण शब्द असे : "तू इथे जे बोलशील ते मी आई-बाबांना सांगणार नाही. तीन गोष्टींना अपवाद. तुझ्या जिवाला धोका असेल, तुझ्यामुळे दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा कुणी तुझ्यावर अत्याचार करत असेल. तेव्हाही सांगण्याआधी तुला सांगेन." १८ वर्षांखाली उपचाराला पालकांची संमती लागते, पण संमती दिली म्हणजे प्रत्येक वाक्य ऐकण्याचा हक्क मिळाला असं होत नाही. तिसऱ्या अपवादामागे पोक्सो कायदा आहे, २०१२ चा. १८ खालच्या मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे. हे आधी न सांगता नंतर कळवलं तर मुलाचा सगळ्याच मोठ्यांवरचा विश्वास उडतो.

एकट्या मुलाशी बोलताना सोप्याकडून अवघडाकडे जायचं. घर, शाळा-क्लास, खाणं-झोप, मित्र आणि फावला वेळ, तंबाखू-व्हेप-दारू, आकर्षण आणि नाती, शेवटी उदासी आणि मरणाचे विचार. शेवटचा प्रश्न सरळ विचारायचा, आडून नाही. विचारल्याने विचार डोक्यात घुसतो ही भीती निराधार आहे. सरळ विचारलं की मुलाला हायसंच वाटतं.

नैराश्य या वयात रडवेल्या चेहऱ्याने येईलच असं नाही. चिडचिड, दार आपटणं, गुण घसरणं, पोटदुखी, डोकेदुखी या रूपात ते येतं. निदानाच्या निकषांतही मुलांसाठी उदासीऐवजी चिडकेपणा धरला जातो. पालक म्हणतात "उद्धट झालाय" आणि शिस्तीचा उपाय करत राहतात.

शाळेची_घंटा :

झोपेचं लिहा ना ताई. अकरावी-बारावीची मुलं वर्गात चक्क झोपलेली असतात.

कांदळवन :

हो, तो मोठा विषय आहे. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप हवी आणि याच वयात शरीराचं घड्याळ नैसर्गिकरीत्या उशिरावर सरकतं. त्यात घोडबंदरहून सकाळी सहाला निघून क्लास, मग कॉलेज, संध्याकाळी पुन्हा क्लास, रात्री नऊला जेवण. हाताशी राहिलेला एकमेव मोकळा वेळ म्हणजे रात्री अकरा ते दोन, आणि तो मूल सोडणार नाही. पालक मोबाईल हिसकावतात, दुसऱ्या दिवशी जुना फोन उशीखाली सापडतो.

आम्ही उलट बाजूने सुरू करतो. उठण्याची वेळ पक्की, रविवारीसुद्धा तासाभरापेक्षा जास्त फरक नाही. उठल्यावर १५-२० मिनिटं गॅलरीत उजेडात. दुपारची झोप अर्ध्या तासात संपवायची आणि चारच्या आत. संध्याकाळी आठच्या सुमारास ४०-४५ मिनिटं हक्काची मोबाईलची, ज्यात कुणी टोकणार नाही. मगच रात्रीचा फोन हॉलमध्ये चार्जिंगला, आई-बाबांचेही फोन तिथेच. शेवटची अट पाळली गेली नाही तर बाकी सगळं आठवड्यात मोडतं. झोपण्याची वेळ दोन-तीन दिवसांनी १५-२० मिनिटं अशी अलीकडे आणायची. एकदम दोनवरून अकरावर आणायला गेलात तर मूल अंधारात तीन तास विचार करत पडून राहतं आणि पलंगाचीच धास्ती बसते.

शाळेची_घंटा :

शाळेत न जाणाऱ्या मुलांबद्दल मी थोडी भर घालतो, कारण इथे शाळा आणि थेरपी यांचा ताळमेळ लागतो. मूल जितके दिवस घरी, तितकं परतणं अवघड. त्यामुळे "आधी बरं वाटू दे, मग बघू" हा सल्ला घात करतो. पोटदुखीसाठी बालरोगतज्ज्ञांची एक तपासणी करून घ्यायची आणि शारीरिक कारण नाही हे नक्की झालं की परतीची शिडी सुरू. गणवेश घालून फाटकापर्यंत, मग समुपदेशन कक्षात एक तास, मग आवडीचा एक तास, मग मधल्या सुट्टीपर्यंत. साधारण दोन ते चार आठवड्यांत पूर्ण दिवस.

बिघडतं कुठे? पोट दुखतंय म्हटल्याबरोबर शाळा घरी फोन लावते आणि आजोबा स्कूटरवरून न्यायला येतात. म्हणून आधीच लेखी ठरवायचं : दुखलं तर समुपदेशन कक्षात २० मिनिटं बसायचं आणि पुन्हा वर्गात. ताप किंवा उलटी असेल तरच घर. घरी राहिलं तर शाळेच्या वेळात टीव्ही, गेम, बाहेरचं खाणं काहीही नाही, ओरडणंही नाही. आणि मुलाला कुणी छळतंय का हे पहिल्याच दिवशी शोधायचं. छळ चालू असताना शिडी चढवणं अन्याय आहे. सायकॉलॉजिस्टने शाळेशी बोलण्यापूर्वी मूल आणि पालक दोघांची परवानगी घ्यावी आणि काय सांगायचं तेही मुलाला विचारून ठरवावं.

नौपाडेकर :

एक अवघड विषय काढतो. मुलाच्या हातावर कापल्याच्या खुणा दिसल्या तर?

कांदळवन :

आरडाओरडा नको, शपथा नकोत, "लोक काय म्हणतील" तर नकोच. जखम पाहून स्वच्छ करायची आणि शांतपणे विचारायचं : "खूप त्रास होत होता का? मरावंसं वाटतं का?" बहुतेक वेळा असह्य भावना उतरवण्यासाठी केलेलं असतं, मरण्यासाठी नाही. पण अशा मुलांमध्ये पुढे आत्महत्येचा धोका वाढलेला असतो. म्हणून त्याच आठवड्यात तपासणी हवी. मरायची इच्छा, ठरवलेला बेत किंवा हाताशी साधन असेल तर त्याच दिवशी रुग्णालय, आणि तोवर मूल एकटं राहू द्यायचं नाही.

थेरपीत मुलाबरोबर सुरक्षा आराखडा लिहितात, एका पानावर, मुलाच्याच अक्षरात. सहा भाग असतात. वादळ येतंय हे कशावरून कळतं. एकट्याने काय करता येईल. लक्ष दुसरीकडे नेणारी माणसं आणि जागा. मदत मागता येतील अशी माणसं, फोन नंबरसकट. डॉक्टर आणि हेल्पलाइन. घर सुरक्षित करणं. तिसऱ्या भागात "मित्र" असं लिहून चालत नाही. कोणता मित्र, संध्याकाळी सातला तो कुठे असतो, इतकं नेमकं हवं. सहाव्या भागाची जबाबदारी पालकांची : आजी-आजोबांच्या गोळ्यांसकट सगळी औषधं कुलपात, धारदार वस्तू नजरेआड, टॉवरमध्ये राहत असाल तर गच्चीची किल्ली सोसायटीच्या ताब्यात. झटका बहुधा थोड्या वेळात ओसरतो आणि त्या वेळात साधन हाती न लागणं यावर बरंच अवलंबून असतं.

"पुन्हा करणार नाही" असं लिहून घेण्याचा उपयोग नाही. मूल सही करतं आणि पुढच्या वेळी लपवतं.

उपवन :

टेलीमानसचा १४४१६ नंबर सगळ्यांनी फोनमध्ये ठेवा. केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, २०२२ पासून, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. मुलांवरील अत्याचारासाठी १०९८.

आणि पालकांनो, आत्महत्येचा प्रयत्न झाला तर पोलिसांच्या धास्तीने रुग्णालयात न्यायला उशीर करू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरतात आणि त्याच्यावर खटला भरत नाहीत.

किशोरवयीनांना नैराश्याची गोळी सुरू केली किंवा डोस बदलला तर पहिले काही आठवडे मुलाकडे बारीक लक्ष हवं. अस्वस्थता, झोप उडणं, मरणाचे विचार वाढणं असं दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा. गोळी आपल्या मनाने बंदही करू नका.

ऐरोलीकर :

ऑनलाइन बैठकांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. वन बीएचकेमध्ये पाच माणसं असताना घरून बैठक घेणं म्हणजे निम्मं बोलणं गिळणं. उभ्या गाडीत, ऑफिसच्या रिकाम्या मीटिंग रूममध्ये बसणारे बरेच जण आहेत. हेडफोन दोन्ही कानांत, कॅमेरा स्थिर, चालत्या कॅबमधून नाही. कुणी आत आलं तर वापरायचा एक साधा शब्द आधी ठरवतात, तो उच्चारला की विषय हवापाण्यावर जातो. प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला "आत्ता कुठे आहात, पत्ता सांगा" असं विचारलं गेलं तर वैतागू नका. मध्येच काही गंभीर झालं तर मदत कुठे पाठवायची हे माहीत हवं, म्हणून ते विचारतात. नात्यातल्या एकाचा फोन नंबरही याचसाठी घेतात. ज्यांच्या जिवाला धोका आहे आणि जी मुलं पडद्यासमोर मुकी होतात, त्यांनी प्रत्यक्षच जावं.

नौपाडेकर :

चौथा प्रश्न राहिला. फरक पडतोय हे कसं ओळखायचं आणि किती भेटी लागतात?

पारसिक :

चिंता, नैराश्य, पॅनिक यासाठी सीबीटीच्या साधारण १२ ते २० भेटी, सुरुवातीला आठवड्याला एक. जुना आघात, व्यक्तिमत्त्वाशी निगडित अडचणी यांना पुष्कळ जास्त लागतात. दर चार ते सहा भेटींनी आढावा हवा. पीएचक्यू-९ मध्ये पाच गुणांची घट म्हणजे दखल घेण्याजोगी सुधारणा. सहा-आठ भेटींत आकडाही हलला नाही आणि वागण्यातही काही बदललं नाही, तर सायकॉलॉजिस्टने आपणहून अंदाज पुन्हा तपासायला हवा. निदान चुकलंय का, दारू लपवली जातेय का, घरात मारहाण आहे का, गृहपाठ झेपत नाहीये का. तो आपणहून बोलत नसेल तर तुम्ही विचारा. चांगला माणूस यावर दुखावत नाही.

प्रत्येक बैठकीतही एक आकार दिसायला हवा. सुरुवातीची दहा मिनिटं आठवड्याचा हाल आणि गृहपाठ, मधला अर्धा तास एका ठरवलेल्या विषयावर, शेवटची दहा मिनिटं नवा गृहपाठ आणि "आज काही खटकलं का?" सलग चार बैठका फक्त आठवड्याची कहाणी सांगण्यात गेल्या आणि गृहपाठाचं नावच निघालं नाही तर काहीतरी ढिलं पडलंय. उलट टोकही आहे. दुसऱ्याच भेटीत "घटस्फोट घ्या", "नोकरी सोडा" असे निर्णय कुणी सांगत असेल तर तो थेरपी करत नाहीये.

बरं वाटल्याबरोबर थांबू नका. भेटी आधी पंधरवड्याने, मग महिन्याने, आणि शेवटी एक पान लिहून घ्यायचं : माझी पहिली धोक्याची लक्षणं कोणती, तेव्हा मी काय करणार, कधी फोन करणार.

उपवन :

औषध चालू असेल तर थेरपी संपवणं आणि औषध कमी करणं एकाच महिन्यात करू नये. पहिल्या नैराश्यात पूर्ण बरं वाटल्यानंतरही औषध सहसा सहा ते नऊ महिने चालू ठेवतात आणि मग हळूहळू उतरवतात. दोन्ही आधार एकदम निघाले तर पुन्हा घसरण झाल्यावर कशामुळे झाली हेही समजत नाही.

नौपाडेकर :

निरोपात एका सदस्याने विचारलंय, नाव न देता लिहितो : मुलगी सोळा वर्षांची, यायलाच तयार नाही. "मी वेडी नाही" म्हणते. ओढून न्यायचं का?

कांदळवन :

जिवाला धोका नसेल तर ओढून नेऊ नका, आणि "फिरायला जाऊ" म्हणून फसवून तर अजिबात नेऊ नका. त्यानंतर ती कुठल्याच डॉक्टरवर विश्वास ठेवणार नाही.

आधी पालकांनी यावं, जमल्यास दोघांनी. तीन-चार भेटी पालकांबरोबर केल्या तरी घरातलं बरंच हलतं. पहिल्या आठवड्याला एवढंच काम देतो : अभ्यास, मोबाईल, खोलीची स्वच्छता या तीन विषयांवर दिवसाला एकच सूचना, बाकी गिळायच्या. आणि रोज पंधरा मिनिटं तिच्यासोबत, तिने निवडलेल्या गोष्टीत, कसलाही उपदेश न करता. ती दार लावून बसली तर दाराबाहेरून "जेवायला थांबलेय" एवढं सांगून परत यायचं. वडिलांना हे जास्त जड जातं. सूचना थांबवल्या म्हणजे मुलगी हातची गेली असं त्यांना वाटतं, म्हणून त्यांच्यासाठी भेटीत वेगळा वेळ ठेवावा लागतो.

मग निमंत्रण, भांडण चालू नसताना. "तुझ्यात बिघाड आहे" असा सूर नको. "आपल्या घरात गेले काही महिने सगळ्यांनाच त्रास होतोय, आम्ही दोघं एका ताईंकडे जातोय. त्यांना तुझी बाजू माहीत नाही. एकदा येऊन सांगशील का? नाही पटलं तर दुसऱ्यांदा येऊ नकोस." आणि तो शब्द खरोखर पाळायचा. शक्य असेल तर दोन सायकॉलॉजिस्टची माहिती दाखवून निवड तिलाच करू द्या. ऑनलाइन की प्रत्यक्ष, कोणता वार, आई बाहेर थांबणार की खाली चहाच्या टपरीवर, हेही तिनेच ठरवावं. ती आली की पहिल्या भेटीत निदान, प्रश्नावल्या यांची घाई नसते. तिला नेमकं काय बदललेलं हवंय ते ऐकून घेतात. बऱ्याचदा उत्तर "आई-बाबांनी माझ्यासमोर भांडू नये" असं येतं, आणि मग कामाची सुरुवात तिथूनच करायची.